पाखरू विमान कंपनी, आर्णी रोड

सोयऱ्यात सोयरे अमरराव यांना आर्णीहून तुमचे भाऊजी मारोतराव यांचा रामराम. इकडे ऊन सोडून सारं खुशाल हाये. तुमची ताई ठीक, म्हशी ठीक, माझा गुडघा होता तसाच. तुमची शुगर कशी काय? संत्राबर्फीपासून दूर राहा, हे सांगणं माझं काम अन् न ऐकणं तुमचं. फोन सोडून पत्र काहून लिहून राह्यलो, असं तुमच्या मनात आलं असंल. घरात फोन उचलला का तुमच्या ताईचा कान भिंतीतून बाहेर येते. म्हणून कंपनीचं काम हाये असं सांगून विमानात बसून लिहून राह्यलो.

पहिले घरची बातमी. आपल्या सलोनीले आठवा लागला. डॉक्टरनं प्रवास नको म्हटलं, म्हणून बाळंतपण तिकडेच, बंगलोरले. जावयानं नागपूरहून विमानाची दोन तिकिटं काढून पाठवली, पुढच्या महिन्याची, एक ताईचं अन् एक माझं. ताईनं त्याच दिवशी पेटी भरली, डिंकाचे लाडू काय, जुन्या लुगड्याची दुपटी काय. मी म्हटलं, माझं जमत नाई, कंपनी कोणाच्या भरवशावर सोडू? त म्हणाली, पोरीनं बापाले बलावलं, कंपनीले नाई. तेव्हापासून माझ्याशी भाजी वाढण्यापुरतं बोलते.

आता कंपनी म्हणजे काय, ते उकलून सांगतो (तुम्ही यवतमाळले देवीच्या दर्शनाले आलते, पण विमान ध्यानात राह्यलं नसंल, कारण तुम्ही महाप्रसादाच्या रांगेत होते). मागच्या नवरात्रात तिथल्या एका मंडळानं देवीले विमानात बसवलं होतं. बांबू, प्लायवूड अन् वरून पत्रा. विसर्जन झाल्यावर ते तोडून राह्यले होते. मले पाहवलं नाई. ज्यात देवी बसली ते का चुलीत घालाचं? उचललं, ट्रॉलीवर घातलं अन् आपल्या रोडच्या वावरात आणलं. वाटेत लोक हात जोडत होते (विमानाले का मले, ते मी इचारलं नाई). दोन्ही पंखांखाली एक एक मोठा कूलर बसवला, त्याले वाळ्याच्या ताट्या लावल्या, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, बेल्टाच्या जागी जुन्या ओढण्या. कूलर सुरू झाले का असा घरघराट होते का बांधावरचा कुत्राही उठून दुसऱ्याच्या वावरात जाते. असं आपलं पाखरू उडते.

तुम्ही म्हणाल, ते जागचं हालत नाई. अमरराव, तेच त कंपनीचं तत्त्व हाये! मोठमोठ्या विमान कंपन्या तेलापायी बुडतात. आपल्याले तेल लागतच नाई, पाणी लागते. म्हणून तिकीट एकच, येताना कूलरसाठी बकेटभर पाणी आणाचं. यापेक्षा सस्तं विमान कोणी दाखवावं, मी मिशा काढतो. भर उन्हात, वावरात सावली म्हणाले नाई, तेव्हा माणूस आत येते, ओढणी बांधते, वाळ्याचा वास नाकात जाते अन् डोळे मिटतात. मंग ज्याचं जिथं मन, तिथं तो जाते. काळीपिवळी जीपसारखं खुर्च्या भरल्याशिवाय आपण सुटत नाई. हवाईसुंदरी हंसाबाई हाये (साठीची हाये, पण ओरडली का उभा माणूस बसते). पायलट फकिरा, आपला ट्रॅक्टरवाला. तो सगळ्यायच्या आधी झोपते, पण त्याच्या घोरण्यानं लोकायले भरोसा वाटते का इंजिन चालू हाये. अन् संस्थापक? संस्थापक कूलरमंधी पाणी टाकते. दुसऱ्याच्या डोक्यावर गार हवा ठेवणं म्हणजे नेतृत्व, असं माझं मत बनलं हाये. फक्त लाइट गेली का घात होते. विमान मधातच पडते, लोक घामाघूम होऊन उठतात, अन् कोणी कोणी त तिकडेच राह्यल्यावाणी पाहात बसते.

तक्रारीही येतात. रूपसिंग काशीले निघाला अन् उतरला घाटंजीच्या बाजारात, तिथंही त्याच्या मागं शेळी लागलेली. लय भांडला. दुसऱ्या दिवशी त्याले फुकट बसवलं, त गंगेपर्यंत पोचला, पण आंघोळीच्या आत लाइट गेली. तांड्यावरचा धावजी आजा मात्र रोज येते. पहिल्या दिवशी उठला तेव्हा त्याच्या गालावर पाणी होतं. मले वाटलं, कूलरचा शिंतोडा उडला. तो म्हणाला, याडीनं (त्यायच्या बोलीत आई) मोहाच्या झाडाखाली भाकर वाढली होती, घास तोंडात घालाच्या आत उतरवलं तुम्ही. तेव्हापासून झोपलेल्या माणसाले मी उठवत नाई. दारात बसतो, पाण्याची खळखळ ऐकतो, ऊन पत्र्यावर हालते, अन् हळूहळू मलेही वाटते का चाकं सुटली, आर्णी खाली राह्यली, अरुणावतीचं पात्र कोणी वाळत टाकलेल्या लुगड्यावाणी पसरलं हाये, अन् इतक्या वरून कोणाचंच वावर कोणाच्या वावराले लागून भांडत नाई. लय शांत वाटते हो.

तुमची ताई मात्र एकदाही बसली नाई. रोज पाण्याची कळशी आणते, दारात ठेवते अन् परत जाते. भाडं भरते, पण बसत नाई! गावभरचे लोक येतात अन् संस्थापकाच्याच घरचं माणूस खाली. हे मले लागते.

त अशी भरभराट असताना मी बंगलोरले कसा जाऊ? एवढं तुम्ही ताईले समजावा. वहिनींना नमस्कार, लेकरायले आशीर्वाद.

तुमचाच,
मारोतराव (संस्थापक)

ता. क. इकडे याल तेव्हा कूलरचे दोन पंप आणजा.

ता. क. आता खरं लिहितो, वाचून फाडून टाकजा. मले भेव वाटते. खऱ्या विमानाचं. लोकायच्या पाठीवर हात ठेवून ‘काही होत नाई’ म्हणणारा मी, अन् तिकीट पाह्यलं तेव्हापासून रात्री उठून स्वतःलेच तसं म्हणून राह्यलो. गावाले कळलं त पाखरात कोण बसंल? पण मले जायचं हाये, अमरराव. पोरगी लय दिवसाची भेटली नाई. ताईले समजावू नका. तुम्ही तिसरं तिकीट काढा अन् आमच्या संग चला. ताई खिडकीपाशी, मी मधात, तुम्ही इकडून. हात धरला त कोणाले काही सांगजा नका.

ता. क. अमर, मी ताई लिहून राह्यली. यायनं हे पाकीट टपालात टाकाले हंसाबाईजवळ देल्लं, अन् तिनं सरळ माझ्याजवळ आणलं. तू तिकीट काढू नको. यायले भेव वाटते हे मले लग्नापासून ठाऊक हाये, जत्रेत मी पाळण्यात बसाची अन् हे खाली माझ्या चपला सांभाळाचे. पण त्यायच्या विमानात मी काहून बसली नाई, ते यायनं एकदाही इचारलं नाई. बसली असती त डोळे मिटले का मी सलोनीजवळ पोचली असती, बाबू. मंग लाइट गेली असती अन् मले वावरात जाग आली असती. ते मले सोसलं नसतं. तू फक्त नागपूरले विमानतळाच्या दारात उभा राहा अन् यायले मागं पळू देऊ नको. खऱ्या विमानातही गार हवा सोडतात म्हणे. गार हवा लागली का हे झोपतातच. उठवीन त पोरीच्याच गावात उठवीन.