वैभवच्या अर्जावरचा शेरा

प्रिय ज्ञानेश,

सलाम. तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. फोनवर तू मला बोलूच देणार नाहीस, म्हणून हे पत्र.

रत्नागिरीत तू सुसाट टाकायचास आणि मी स्टंपांमागे उभा असायचो. माझी दोन बोटं अजून वाकडी आहेत, ती तुझीच मेहेरबानी. मी रणजीचे दोन सामने खेळलो, धावा एकूण एकोणीस. तेवढ्या पुंजीवर बावीस वर्षं सौदीत, या अल खफजीत आहे. कंपनीत हजेरी माझी स्टोअरमध्ये लागते, काम मात्र क्रिकेटचं. शुक्रवारच्या लीगचा मी सेक्रेटरी. लेटरहेडवर नाव आहे, हसू नकोस.

या लीगचा एक नियम मीच लिहिलाय. खेळाडूच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, जे काम नोंदलंय, तेच तो करत असला पाहिजे. भाड्याचे खेळाडू नकोत म्हणून. आणि दर मोसमाला आमचे मोठे साहेब कोकणातून एक चांगला पोरगा वेल्डर नाहीतर फिटर म्हणून आणवतात, आणि त्याचा इकामा तपासून खाली सही मीच करतो. कुंपणानेच शेत खायचं, असा कारभार.

गेल्या साली राजापूरचा मुआज मी पसंत केला. इकाम्यावर परांची बांधणारा. अकरा सामन्यांत एकतीस बळी घेतले आणि खांदा गेला. दुसऱ्याच दिवशी ऑफिसने सांगितलं, आता इकाम्यावरचं काम कर. ज्ञानेश, तो कधी माडावरसुद्धा चढलेला नाही. दुसऱ्या मजल्याइतकी परांची चढला आणि नळीला मिठी मारून बसला. दोघांनी उतरवला. आता कॅम्पच्या मेसमध्ये डाव्या हाताने भांडी घासतो आणि आईला सांगतो, मला कॅप्टन केलंय. करार दोन वर्षांचा, त्याआधी सोडत नाहीत.

त्याला घरी पाठवा म्हणून मी साहेबांकडे गेलो. साहेब गोड हसून म्हणाले, "ताजुद्दीनभाई, आप भी तो खेलने ही आए थे." मी चहा पिऊन परत आलो. माझी लेक इकरा बारावीला आहे, आणि एक्कावन्न वर्षांच्या विकेटकीपरला दुसरीकडे कोण ठेवणार? मेसमध्ये मुआज सलाम करतो, तेव्हा मला स्वतःची लाज वाटते.

तुझ्या वैभवचे व्हिडिओ निवडीसाठी माझ्याकडेच आले. पुन्हा पुन्हा पाहिले. तुझ्यापेक्षा वेगवान आहे, आणि अक्कलही जास्त. मी अर्जावर शेरा मारला, 'गोलंदाजी सामान्य, घेऊ नये.' आयुष्यात खेळाबद्दल एवढं धडधडीत खोटं कधी लिहिलं नव्हतं. पोरगं खट्टू झालं असेल, तू मला शिव्या घातल्या असशील. पण साहेबांना संशय आलाय. काल त्यांनी व्हिडिओ स्वतः मागवले. निवडीचा कागद सहीसाठी माझ्याच टेबलावर येईल, आणि मग व्हिसा निघेल. एकदा नाही म्हणालो. दुसऱ्यांदा माझी हिंमत होणार नाही, मी सही करीन. मी स्वतःला ओळखतो. म्हणून हात जोडतो, ज्ञानेश, नाही तू म्हण.

तुझाच,
ताजू