दुर्गाबाईच्या वायरीला हात लावू नये

मी झुंबरबाई, कैलासवासी कारभारी यांची पत्नी, राहणार जाफराबाद, जिल्हा जालना, वय सत्तरच्या मागेपुढे (खरं वय माझ्या आईला ठाऊक होतं), धंदा घरकाम आणि धाकट्या जावेशी भांडण, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकाने नव्हे, स्वखुशीने हे मृत्युपत्र करते. सांगणारी मी, लिहिणारे वकीलसाहेब. धंद्याबद्दलचे शब्द त्यांना खोडायचे होते. मी खोडू दिले नाहीत.

मला काही झालेलं नाही. तब्येत ठणठणीत आहे. पण गेल्या आठवड्यात घराची फिटिंग नवी करायला मिस्त्री आला आणि माझा मुलगा धर्मराज त्याला म्हणाला, "भिंतीतून काकूकडं गेलेली वायर काढूनच टाका, लई जुनी झाली." मी मिस्त्रीला चहा पाजून वाटेला लावला आणि त्याच दिवशी वकील गाठला.

कलम पहिले, घर. हे घर आणि शेजारचं दुर्गाबाईचं घर पूर्वी एकच होतं. दोघा भावांची वाटणी झाली, मधे भिंत आली. मीटर गेलं धाकट्याच्या, म्हणजे दुर्गाबाईच्या वाट्याला. आमच्याकडे भिंतीतल्या भोकातून एक वायर आली, तिचं बटन मात्र तिच्या घरात. तिथून माझ्या हालांना सुरुवात झाली. सकाळी नळावर भांडण झालं की संध्याकाळी आमच्याकडे काळोख. मी भिंतीजवळ जाऊन विचारायची, "दुर्गे, लाईन गेली का तू बंद केली?" ती आतून ओरडायची, "गेली, बाई, गेली!" मग मी ओट्यावर येऊन समोरच्या मांगीलाल सेठच्या दुकानाकडे बघायची. तिथे दिवा लख्ख जळत असायचा.

एकदा पापडाच्या पिठावरून फार पेटलं. मी तिची वायर उपटून फेकली आणि सेठच्या घरून नवी घेतली. सगळ्या गल्लीत मिरवले, की आता आमचा लाईटवाला बदलला! पण एक गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. सेठ जैन माणसं, दिवस मावळायच्या आत जेवणारी आणि लवकर निजणारी. आमच्या घरी भाकरी तव्यावर पडायची तेव्हा समोरून सेठाणी सायरबाईचा आवाज यायचा, "झुंबरबाई, बत्ती बंद करून राह्यले हां, सेठ सो गये!" अशाच अंधारात आमच्या ह्यांनी भाजी समजून ठेच्याचा मोठा घास घेतला. सगळं घर डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते वायरीचं टोक हातात धरून भावाच्या अंगणात गेले. पण थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी बोलायची आमच्यात रीत नाही. म्हणून ते म्हशीशी बोलले. "आमची लाईन परत जोडून दिली तर बरं व्हईल." दुर्गाबाईनेही पदर ओढून म्हशीलाच उत्तर दिलं, "त्यांना सांग गं, बाईला सोता येऊन मागू द्या म्हनावं." मी भिंतीआड उभी राहून तोंडात पदर कोंबला होता. शेवटी मी गेले, मागितली. म्हैस मधे बसून रवंथ करत होती.

पुढे आमचं स्वतःचं मीटर आलं. त्या दिवशी मी भरदुपारी सगळे दिवे लावून बसले होते.

तर हे घर, मीटरसकट, धर्मराजला. एका अटीवर. ती अट शेवटी येईल.

कलम दुसरे, गॅस. सरकारी गॅसचा नंबर लागता लागेना, म्हणून धर्मराजने एका खाजगी कंपनीची टाकी आणली. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लक्ष्मी घरी आली म्हणून आम्ही टाकीला हळदकुंकू लावलं, आणि सूनबाई उषा पेटलेलं निरांजन घेऊन ओवाळायला पुढे झाली. टाकी आणणारा "ओ बाई, दिवा बाजूला!" म्हणत असा पळाला, की त्याची एक चप्पल अजून आमच्याकडे आहे. वर्षभरात कंपनीही त्याच्यामागे पळाली. नंतर सरकारी गॅस आला तर जुनं रेग्युलेटर नव्या टाकीला बसेना. जुनी टाकी तेव्हापासून कोपऱ्यात बसून आहे, तिच्यावर मी विणलेला रुमाल आहे. चालू गॅस आणि शेगडी उषाला. तिने त्यावर रोज स्वयंपाक करावा, पाहुण्यांसाठी झाकून ठेवू नये. रिकामी टाकी, रुमाल आणि ती चप्पल धर्मराजला. अक्कल त्याची, माल त्याचा.

कलम तिसरे, वायर. दुर्गाबाईचा नवरा वारला, त्याच पावसाळ्यात तिचं मीटर जळालं. नवं आता तिच्या नावावर येणार होतं. ती म्हणाली, "मीटरवर त्यांचं नाव हाय. ते पुसून माझं घालायचं? मला न्हाई पायजे उजेड." आणि खरंच कंदील लावून बसली. मी तिला विचारलंच नाही. त्याच जुन्या भोकातून तीच वायर उलटी ओढली. आता मीटर माझं, बटन माझ्या घरात. वाटलं होतं, मागचे सगळे हिशोब चुकते करीन! किती वेळा हात बटनापर्यंत गेला, देव जाणे. पण एकदाही बंद केलं नाही. मला करवलंच नाही. ती तिकडे उजेडात बसलेली मला बरी वाटते. तिला मूल नाही, आणि माझ्याशिवाय तिला भांडायलाही कोणी नाही.

आज साक्षीदार म्हणून ती आधी येऊन बसली होती. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. तेव्हा तिला कळलं, की ही वायर आणि तिच्यातली लाईन मी तिला देते आहे. "मला कशाला देता? मी मागितलं का?" म्हणून तासभर भांडली. मग पदराने डोळे पुसू लागली. तेवढ्यात डोक्यावरचा पंखा थांबला. ती माझ्या शेजारी, माझे दोन्ही हात तिच्या समोर, तरी सवयीने भिंतीकडे मान वळवून म्हणाली, "लाईन गेली का तुमी बंद केली, बाई?" आम्ही दोघी इतक्या हसलो, की वकीलसाहेबांना लेखणी खाली ठेवावी लागली.

आता अट. धर्मराज, वायर नवी घाल, पण दुर्गाबाई आहे तोवर तोडू नकोस. आणि माझ्यामागे जेव्हा लाईन जाईल, तेव्हा ती भिंतीपलीकडून विचारेल. मी गेले हे ठाऊक असूनही विचारेल. त्या वेळी घरात जो असेल त्याने हातातलं काम टाकून, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचं, "काकू, लाईनच गेली. आपलं बटन चालू हाय." हे ज्या दिवशी कोणी सांगणार नाही, त्या दिवसापासून हे घर तुझं नाही, दुर्गाबाईचं.

वाचून दाखवलं, ऐकलं, बरोबर आहे. लाईन अजून आलेली नाही.

झुंबरबाई कारभारी (सही स्वतःची, तिरपी असली तरी)

साक्षीदार:
१. मांगीलाल हुकमचंद, समोरचे दुकानदार (दिवस मावळायच्या आत सही केली)
२. मच्छिंद्र रामराव, पिठाची गिरणी

जाफराबाद, १४ मे २००१