निघोज्यात टांगलेला माझा फोटो

पिंपरी,
डिसेंबर १९५७

तीर्थस्वरूप बाळाजीमामांच्या चरणी भाचा दत्तोबा याचा साष्टांग नमस्कार. (डॉक्टरांनी दिवसभर आडवं राहायला सांगितल्यामुळे हा नमस्कार खरोखरच घडतो आहे, फक्त उताणा.) तुमची कंबर, रतनमामींचे गुडघे आणि तांबड्या गाईचं पोट ठीक असावं. हे पत्र नेहमीप्रमाणे तुमची लेक शकूच तुम्हांला वाचून दाखवत असेल. तिला म्हणावं, सावकाश वाच, आणि मी जिथे कंस टाकलाय तिथे आवाज जरा बारीक कर.

मी खुशाल आहे. इस्पितळाच्या लांब ओसरीत आमच्या खाटा ओळीने मांडल्या आहेत. समोर कडुनिंब, पलीकडे रेल्वेचे रूळ. सकाळी सुई, मग कडू पूड, मग गोळ्या आणि त्यानंतर काहीच नाही. भोसरीच्या शाळेत पोरं पेंगली की मी टेबलावर छडी आपटत असे. आता पेंगणं हेच माझं औषध आहे. ऊन पायांवर आलं की डोळे आपोआप मिटतात आणि मी थेट निघोज्याला पोचतो. इंद्रायणीच्या काठाने तुमच्या मळ्यात शिरतो. खोकला नसतो, धाप नसते. तुम्ही मोट हाकत असता आणि माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करता. (स्वप्नातसुद्धा तुम्ही माझ्याशी धड बोलत नाही, मामा.) कुणीतरी विहिरीपलीकडून भाकरी घेऊन येत असतं. ते कोण हे दिसायच्या आत सुमनताई, म्हणजे आमच्या नर्सबाई, थर्मामीटर तोंडात खुपसतात आणि सगळा मळा विरून जातो.

आता फोटोचं. शकूची नि माझी सुपारी फुटली तेव्हा मी धट्टाकट्टा होतो, पुढे हे छातीचं, क्षयाचं दुखणं निघालं. तरीही तुम्ही लगेच नाही म्हणाला नाहीत, याचे उपकार मी विसरणार नाही. तुम्ही निरोप धाडलात, ‘फोटो पाठव.’ मी खुळा, पिंपरी कॅम्पातल्या स्टुडिओत गेलो. तिथे पडद्यावर रंगवलेलं तळं होतं, तळ्यावर चंद्र. फोटोवाल्याने त्याचाच कोट मला घातला आणि सांगितलं, दूर कुठेतरी बघा. मी इतकं दूर बघितलं की तो फोटो काढून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला तरी मी तसाच बसून होतो. तो फोटो तुम्ही भैरू दूधवाल्याबरोबर परत पाठवलात. वर निरोप, ‘ह्यो वरचा हाय. आतला पाठव.’ म्हणून मग मी उशाखालचा छातीचा फोटो पाठवला.

इथवर माझं चुकलं असं मला वाटत नाही. पण परवा भैरू सांगत होता की तुम्ही तो फोटो ओसरीच्या आढ्याला दोरीने टांगलाय आणि रोज सकाळी चूळ भरून झाली की उन्हाकडे धरून बघता. आणि म्हणता, ‘डाग हाय तसाच हाय. पोरगं सुया घेतंय का नुसतंच निजतंय?’

मामा, तो डाग तसाच राहणार. तो माझ्या छातीचा उन्हाळ्यातला फोटो आहे. मी बरा होत गेलो तरी तो फोटो बरा होत नाही. डाग हटतोय की नाही हे बघायला दर काही महिन्यांनी नवा फोटो काढतात. आमचे डॉक्टर उजेडाच्या काचेवर जुना आणि नवा शेजारी शेजारी लावतात आणि एकातून दुसऱ्यात नजर फिरवत राहतात. त्या वेळी मला तिथे माझ्या फासळ्या न दिसता तुमच्या मळ्याचे वाफे दिसतात, आणि वरच्या कोपऱ्यात धुकं. पहिल्या फोटोत ते दाट होतं. या आठवड्यातल्या फोटोत ते बरंच विरलंय. डॉक्टरांचं म्हणणं, होळीपर्यंत घरी जाल, फक्त मधला उन्हाळ्यातला फोटो एकदा शेजारी लावून खात्री करू. तो तुमच्या आढ्याला आहे.

मी भैरूकडून विनंती केली. तुमचं उत्तर आलं, ‘दुखणं माझ्या नजरंखाली असू दे. नवा फोटो आणशील तर तो दुसऱ्या कुणाचाबी आणशील.’ मध्यंतरी चाकणच्या कांद्याच्या आडत्याच्या मुलाचं स्थळ तुमच्याकडे येऊन गेलं असंही कळलं. स्थळ चांगलं आहे. (त्याच्या छातीचा फोटो कुणी काढलाय का, एवढंच विचारतो.) निर्णय तुमचा. मी मोठ्या मनाने झोपून आहे.

रतनमामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
दत्तोबा

ता. क. फोटो परत पाठवायची काही घाई नाही. टांगलेला आहे तो बरा आहे.

ता. क. दुसरा. शकू, इथून पुढचं मनात वाच आणि मामांनी विचारलं तर सांग की मास्तरांनी औषधांची नावं लिहिली आहेत. या वेळी माझे दोन फोटो काढावे लागले. ‘श्वास धरा’ म्हणाले तेव्हा मी विहिरीजवळ होतो, तुझ्या डोक्यावरची पाटी उतरवायला वाकलो आणि फोटो हलला. चांगला डॉक्टरांकडे आहे. हललेला सुमनताई टाकून देणार होत्या, तो मी मागून घेतला. भैरूच्या किटलीमागे कापडात गुंडाळलेला आहे. मामा मळ्यात गेले की आढ्याचा उतरव, हा टांग, आणि तो जुना डॉक्टरांसाठी भैरूकडे दे. दोरी तीच ठेव. उद्या सकाळी त्यांना डाग कमी झालेला दिसेल. यात लबाडी दोरीपुरतीच आहे, डाग खरंच कमी झालाय. मला फार भीती वाटते शकू, तू चाकणला जाशील याची; खोकल्याचीसुद्धा कधी एवढी वाटली नव्हती.

फोटोत मधोमध, जरा एका बाजूला, एक मोठी पांढरी सावली आहे. मामा नक्की विचारतील की हा एवढा डाग कसा गेला नाही. त्यांना सांग, ते काळीज आहे. ते प्रत्येक फोटोत तिथेच होतं.