हिलालनं बसवलेला ब्रेक

११ ऑगस्ट १९६३
बसला एकदाचा! लष्करी लिलावातल्या या म्हाताऱ्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक म्हणजे नुसती शोभा होती. नंदुरबारच्या हिलाल मेकॅनिकनं एका मोडक्या गाडीचा मोठा ड्रम बसवून दिला, वर नवी लायनिंग. ड्रमला हवा खेळायला भोकं आहेत. दोन बोटांनी दाबलं की गाडी जागच्या जागी! घरी धानोऱ्यापर्यंत उगाचच दाबत आलो.
माय मागं बसायला तयार नसायची. "तुन्हं घोडं थांबत नही," हेच पालुपद. आता थांबतं म्हटलं.

१८ ऑगस्ट
उद्या पोळा. बैलांची खांदमळणी झाली. त्यांच्या खांद्यांना हळद-लोणी माय स्वतः चोळते, गड्याला हात लावू देत नाही. पोळा झाला की मंगलाताईकडे नंदुरबारला येते म्हणाली — माझ्या मागं बसून!

२० ऑगस्ट
मायला मागं बसवून नंदुरबारला निघालो. रेल्वे फाटक बंद होतं. ब्रेक दाबला — काही नाही! चाक आपलं फिरतंच आहे. फाटकावर आदळू नये म्हणून कडेला घातली आणि आडवे झालो. मला नुसतं खरचटलं. मायचं मनगट मोडलं.
प्लास्टर झाल्यावर तिला टांग्यात बसवून थेट हिलालचं दुकान गाठलं. भर बाजारात त्याची गचांडी धरली. चोर म्हटलं, त्याच्या बापाचाही उद्धार केला. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, एकडाव चाक खोली पाहू दे." गाडीला हात लावू देणार नाही म्हटलं.
माय टांग्यातून बघत होती. एक शब्द बोलली नाही. दुखत असेल.

२२ ऑगस्ट
फाटकाजवळ पडलेली गाडी बैलगाडीत घालून घरी आणली. आज स्वतःच चाक खोललं. आत सगळं पिवळं! लायनिंगवर हळद आणि लोणी, भोकांतून झिरपलेलं; ब्रेक धरणार कसा? मायनं बैलांबरोबर गाडीचीही खांदमळणी केली होती.
मग मी काय केलं? चिंधीनं पुसून टाकलं. मायला कळलं तर झुरेल, असं मनाला सांगतोय. कसलं काय! हिलालकडे जायला तोंड नाही, हे खरं.

२५ ऑगस्ट
गावातला वीरसिंग भेटला. त्यानं आपली गाडी हिलालकडून उचलून दुसरीकडे नेली. तू भर बाजारात सांगितलंस ते बरं झालं, म्हणाला. मी मान हलवली. मान हलवली मी! थू माझ्या जिनगानीवर. जेवण गेलं नाही.

२६ ऑगस्ट
सकाळी मायला भाकर चुरून भरवत होतो. मध्येच म्हणाली, "मले हिलालकडे ली चाल. चाकले लोणी मी लायेल व्हतं. त्याले सांगनं शे."
तुला कधी कळलं, विचारलं. पडले तेव्हाच, म्हणाली.
मग दुकानावर का बोलली नाहीस?
ताटाकडे बघत म्हणाली,
"तू इतला वरडी ऱ्हायंता. मले तुन्हं भ्याव वाटनं."