ढगाची वरची कड

१४ मे १९७४, मंगळवार. संध्याकाळ.

साडेपाचची ढगाची नोंद चुकली. चुकली म्हणणंही खरं नाही. मला दिसलं होतं.

बुटीबोरीच्या दिशेला एकच ढग उभा होता. वरची कड फुलगोभीसारखी रेखीव असली तर क्युम्युलस. ती विस्कटून धुरकट व्हायला लागली की क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटाचा ढग. सगळा फरक त्या कडेचा. आणि डावीकडे ती विस्कटत होती. मी तसं म्हणाले, तर आमच्या वेधशाळेचे वरिष्ठ निरीक्षक वानखेडेकाका चष्मा न लावताच म्हणाले, "काहून घाई करून राहिली वं? फुलगोभीच आहे थे. क्युम्युलस लिही."

लिहिलं. शाईने.

वीस मिनिटांत ढग गडगडला. काका हसले. "आपल्या टाइमाले तर कड साफ होती. तूनं बी पाह्यलं ना?" मी मान हलवली.

लिहिलं ते समजू शकते. मी नवी आहे, माझ्या कामाचा अहवाल काका लिहितात. पण मान का हलवली?

नोंदवहीत खोडत नाहीत. चुकीवर एक रेघ, खालचं वाचता यावं अशी. शेजारी दुरुस्ती आणि सही. पण आठवणीवरून दुरुस्ती करायची? की गडगडाट ऐकल्यावर माझ्या मनातच ती कड धुरकट झाली?

आत्ता पर्समधली कच्ची वही काढली. पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात, काकांना सांगण्याआधीचं: "५.२६. डावी कड धुरकट."

म्हणजे उद्या रेघ मारायची. काका समोर असताना.