डावीकडची खुर्ची

प्रिय मुरलीधरभावजी,

आधी एक गंभीर तक्रार. परदेशातल्या या ल्यूकनच्या घरात रोज दुपारी माझी अब्रू जायची, तीही चटणीवरून. तुमच्या दादांनी भाजी-पोळी संपवावी आणि चटणी समोर असताना विचारावं, "सुलेखा, चटणीवर रेशन आलंय का गं?" अहो, माझ्या ताटाची डावी बाजू आजवर कधी रिकामी नव्हती. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, सगळं जागच्या जागी. फक्त यांच्या लेखी ती बाजूच उरली नव्हती.

डोळे ठणठणीत होते. पण मेंदूला झटका आल्यापासून डावीकडचं जग त्यांच्या खिजगणतीतच नव्हतं. दाढीसुद्धा एकाच गालाची. 'डावीकडे' म्हणजे काय, असं विचारलं की मास्तरांच्या थाटात सांगायचे, "उजवीकडच्या विरुद्ध." मग तिकडे बघा म्हटलं, की मान आणखी उजवीकडे. अर्थ तोंडपाठ, वापर गेला. इथली थेरपिस्ट म्हणाली, चटणी हलवू नकोस, त्यांना शोधू दे, होईल सगळं ग्रँड, म्हणजे अगदी छान. या देशात बुडत्या माणसालाही ग्रँडच म्हणतात. मी ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली, त्याच बाजूला बसून हाका मारल्या. ते उजवीकडच्या भिंतीला "काय गं?" म्हणायचे.

आता खरं सांगते. आईंच्या आजारपणातलं तुम्हा भावांचं भांडण मिटवायला तुम्ही नागपूरहून थेट इथल्या हॉस्पिटलात आलात. खुर्ची ओढून बसलात, "दादा, चुकलं माझं" म्हणालात आणि ते पलीकडे खिडकीबाहेर बघत राहिले. दुसऱ्याच दिवशी तुम्ही परत गेलात. भावजी, तुमची खुर्ची डावीकडे होती. तेव्हा हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. कळल्यावर किती फोन केले, तुम्ही एकही उचलला नाहीत. त्यांनाही सांगून पाहिलं. म्हणाले, "मुरली आला असता तर मला दिसला नसता का?"

पुन्हा या, यावेळी उजवीकडे बसा, असं लिहायला घेतलं होतं. ते पत्र अर्धं असतानाच दुसरा झटका आला. आता कुठूनही हाक मारली तरी ओ येत नाही. डॉक्टर आशेचा शब्द काढत नाहीत, मीही विचारत नाही.

निघताना तुम्ही त्यांच्या पायाशी वाकला होतात. आशीर्वाद द्यायचा राहिला. तो मी देते, मोठ्या वहिनीचा चालत असेल तर. सुखी राहा.

तुमचीच,
सुलेखावहिनी