सूर्यास्तानंतरची गोळी

१२ जुलै १९५९, जाफराबाद
औरंगाबादहून काल आले. मला ऐकू येणाऱ्या आवाजांवर डॉ.नी गोळी दिली, दिवसातून तीनदा: सकाळ, दुपार, रात्र. "आवाज बंद झाले तरी गोळी बंद करायची न्हाई. उठताना आधी बसायचं, मंग उभं राहायचं. उन्हात डोकं उघडं न्हाई." माझी लेक मुन्नी चिखलीला माझ्या आईकडे, चार महिने झाले. सासूबाई म्हणाल्या, नीट राहिलीस तर दिवाळीनंतर आणू.
राहणारच!

१५ जुलै
तोंडाला कोरड. हात थरथरतात, बसल्या बसल्या झोप. पण आवाज लांब गेले. चालतंय.

२१ जुलै
चातुर्मास बसला. जैन स्थानकात सगळ्या बायांनी चौविहार घेतला, मीपण हात जोडले. दिवस मावळला की पाणीसुद्धा न्हाई. सासूबाई किती खुश! घरी आल्यावर ध्यानात आलं, रात्रीची गोळी? म्हटलं, दुपारची नि रात्रीची मिळून दिवस बुडायच्या आत घेऊ. हिशोब बराबर.

२४ जुलै
कसला बराबर! आज संध्याकाळी दोन्ही घेतल्या, पीठ मळून झटकन उठले, डोळ्यांपुढे अंधार. जात्यावर कपाळ आपटलं. सासूबाई ओरडल्या, "बिनणी, हे जहर बंद कर बिलकुल!" ह्यांनी डॉ.ना पत्र टाकलं. उत्तर येईतो गो. बंद.

२९ जुलै
पाच दिवस गो. न्हाई. अंग हलकं, हात थरथरत न्हाईत. वीस पोळ्या लाटल्या एका दमात. मनात आलं, मी बरीच झाले की. कशाला ती...

३ ऑगस्ट
न्हाई झाले बरी. काल सकाळपासून रांजणाच्या मागून बाई बोलून राह्यली. "मुन्नी गेली, मुन्नी गेली." मी अनवाणी मोटारस्टँडवर गेल्ते, चिखलीची गाडी धरायला. ह्यांनी दंडाला धरून घरी आणलं. सगळा बाजार बघून राह्यला होता. लाज वाटली. मंग राग आला, माझाच.

६ ऑगस्ट
डॉ.चं पत्र आलं. दोन वेळच्या गोळ्या एकदम घ्यायच्या न्हाईत, त्यानंच चक्कर आली. आपल्या मनानं बंद करायची न्हाई, त्यानंच आवाज आले. आजपासून पहिल्यासारखी तीन वेळा.
मंग चौविहाराचं काय? हे म्हणाले, "गुपचूप घेत जा, मी कुणाला सांगत न्हाई." चोरून? माझं औषध हाय, चोरी न्हाई.

७ ऑगस्ट
दुपारी स्थानकात गेले. सासूबाई शेजारी, बाया भोवती. चातुर्मासाला आलेल्या साध्वी, महासतीजी, त्यांना सरळ विचारलं. मला आवाज ऐकू येतात, रात्री गोळी लागते, व्रत घेताना बोलले न्हाई. महासतीजी म्हणाल्या, "बाई, आजाऱ्याला व्रतात सूट असते. ती आधीच मागून घ्यायची असते." औषध-पाण्याची सूट ठेवून पुन्हा व्रत दिलं. घरापर्यंत सासूबाई माझ्यापुढे चार पावलं चालल्या. दिवस मावळल्यावर गोळीसाठी उकळून निववलेल्या पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. मी रडले.

१९ सप्टेंबर
दीड महिना झाला, एक गो. चुकली न्हाई. पाय मात्र एका जागी ठरत न्हाईत. डॉ.ना लिहिलं, त्यांनी सकाळची अर्धी केली. आवाज न्हाई.

९ नोव्हेंबर
चिखलीहून आईचं पत्र. बुधवारी मुन्नीला घेऊन येते. सासूबाईंनी तिच्यासाठी लाडू वळायला घेतले.

१० नोव्हेंबर
आज दुपारी पुन्हा. रांजणाकडून. शब्द कळले न्हाईत, नुसती कुजबुज. गो. तर चुकली न्हाई.
कुणाला कळलं नसतं. बुधवार उद्यावर. दोन घंटे तशीच डाळ निवडत राह्यले.
मंग उठून दुकानात गेले, ह्यांना सांगितलं. "आताच सांगायचं होतं का?" म्हणाले. आताच. मुन्नी घरात असताना मला अंदाजानं राहायचं न्हाई.
सासूबाईंनाही सांगितलं. लाडू वळायच्या थांबल्या. मुन्नी राहील की आईबरोबर परत जाईल, ते विचारायला मी थांबले न्हाई.
उद्या पहिल्या गाडीनं औरंगाबाद.